मोबाईलचे कुलूप आणि वस्तीवरचा संशय

चोरलेला मोबाईल चोराला पचू नये, एवढ्यासाठी कंपन्यांनी आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये चोरी-प्रतिबंधक कुलूप बसविलेले आहे. या कल्पनेला आमचा विरोध असण्याचे काही कारण नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मोबाईल लोकलच्या गर्दीत मारला जातो तेव्हा तिच्या घरातले महिन्याचे रेशन जाते, हे आम्ही जाणतो. परंतु या कुलपात चोर किती अडकले आणि चोर नसलेले किती अडकले, याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही. कोर्टाच्या आवारात आणि वस्त्यावस्त्यांत वावरताना आम्हाला जे दिसते, त्यावरून दुसरा आकडा लहान नसावा.

प्रकरणे बहुतेक एकाच साच्याची असतात. मुलगा अकरावी-बारावीला. वडील नाक्यावर उभे राहणारे मजूर. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, आधारचा ओटीपी मोबाईलवर यायचा, प्रवेशाची यादी मोबाईलवर बघायची, तेव्हा मोबाईल हवाच. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये शिरली आणि ज्या घरात मोबाईल नव्हता त्या घरातले मूल शाळेबाहेर राहिले, हा अनुभव आपला समाज विसरलेला नाही. नवा फोन दहा-बारा हजारांचा. मग स्टेशनबाहेरच्या टपरीवरून तीन-चार हजारांत जुना घेतला जातो. पावती मागायची नसते, कारण मागितली तर दुकानदार हसतो. फोन दोन-तीन महिने चालतो. एक दिवस तो मंद झाला म्हणून मुलगा 'रिसेट' मारतो, आणि पडद्यावर कोणा अनोळखी माणसाचा ईमेल व पासवर्ड मागणारी पाटी येऊन बसते. ती काही केल्या हटत नाही. मुलगा फोन घेऊन दुसऱ्या दुकानात 'अनलॉक' करायला जातो, किंवा त्याच्याही आधी त्याला पोलीस ठाण्यातून बोलावणे येते. तेथे पहिला प्रश्न 'कुठे राहतोस?' हा असतो. वस्तीचे नाव सांगितल्यावर दुसरा प्रश्न विचारण्याची गरज अनेकांना वाटत नाही!

हे कुलूप म्हणजे आहे तरी काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. वीस वर्षांपूर्वी साध्या फोनला एक सुरक्षा-आकडा असे. अनेक फोनमध्ये तो कारखान्यातूनच एक-दोन-तीन-चार-पाच असा येई आणि कोणी बदललाच असेल तर गल्लीतला कारागीर थोडक्या पैशांत उघडून देई. पुढे वेगळी सुरक्षा-सॉफ्टवेअरे आली. फोनमध्ये दुसरे सिम घातले की मूळ मालकाने नोंदवून ठेवलेल्या नंबरवर गुपचूप संदेश जायचा आणि मालकाने एसएमएस पाठविला की फोन बंद व्हायचा. ही सोय पैसे मोजणाऱ्यांची होती. २०१३ मध्ये अ‍ॅपलने आणि २०१५ मध्ये गुगलने अँड्रॉइडच्या ५.१ आवृत्तीपासून हे कुलूप फोनच्या मूळ प्रणालीतच घातले. आता फोन ज्या खात्याला जोडलेला असतो त्या खात्याची नोंद फोन पुसला तरी पुसली जात नाही. अ‍ॅपलच्या बाबतीत ती कंपनीच्या सर्व्हरवर असते. अँड्रॉइडमध्ये ती फोनच्याच अशा कप्प्यात असते, जेथे रिसेटचा हात पोहोचत नाही. म्हणून गल्लीतला दुकानदार एखादी पळवाट काढून फोन चालू करून देतो, तेव्हा कुलूप निघालेले नसते. ते बाजूला सारलेले असते. पुढच्या रिसेटला ते पुन्हा समोर येते, आणि तोवर टपरीवाला ओळख दाखवायला तयार नसतो.

याखेरीज दुसरे कुलूप सरकारचे आहे. प्रत्येक मोबाईलला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो दिसतो. चोरीची तक्रार झाल्यावर हा क्रमांक काळ्या यादीत टाकून फोन देशभरच्या नेटवर्कवर बंद करण्याची केंद्रीय यंत्रणा दूरसंचार विभागाने सुरू केली. तिची सुरुवातच आपल्या महाराष्ट्रापासून, सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून झाली. मे २०२३ मध्ये ती 'संचार साथी' या नावाखाली सर्व देशाला लागू झाली. अशा फोनमध्ये कोणी सिम घातले की त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो. ज्यांच्या नावावर ते सिम आहे त्यांना फोन येतो. माग अर्थातच शेवटच्या माणसाचा लागतो. ज्याने चोरला, ज्याने पुसला, ज्याने विकला, ते सगळे मागे राहतात. साखळीच्या टोकाला, स्वतःच्या आधारकार्डावर स्वतःचे सिम घालून फोन वापरणारा मुलगाच यंत्राला दिसतो, कारण त्या साखळीत लपण्याची गरज न वाटलेला तेवढा एकच असतो!

आता मालकाने स्वतःच्याच फोनचे कुलूप कसे उघडावे? विसरलेला पासवर्ड खात्याच्या नोंदलेल्या नंबरवरून परत मिळविता येतो. पासवर्ड बदलल्यावर फोन रिसेट करण्याआधी एक दिवस थांबावे, असे गुगल स्वतःच सांगते. तेही जमले नाही तर खरेदीचे मूळ बिल घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जावे लागते. अ‍ॅपलही खरेदीचा पुरावा पाहून कुलूप काढण्याची विनंती स्वीकारते. थोडक्यात सगळा मार्ग बिलावरून जातो. ज्याच्याकडे बिल आहे त्याच्यासाठी हे कुलूप म्हणजे अर्ध्या दिवसाची गैरसोय. ज्याच्याकडे बिल नाही त्याच्यासाठी तो दरवाजा कायमचा बंद. आणि बिलाविना व्यवहार हा गरिबाच्या बाजाराचा नियमच आहे. भाजी, लुगडे, सायकल, झोपडे, सगळे तोंडी. आपल्याकडे कागद नसतो आणि समोरच्याकडे शिक्का असतो, ही स्थिती काही मोबाईलने आणलेली नाही.

येथे आम्हाला समाजबांधवांनाही दोन कटू शब्द सांगायचे आहेत. चाळीस हजारांचा फोन चार हजारांत मिळतो तेव्हा तो का मिळतो, हे घेणाऱ्याला कळत नाही असे म्हणणे हा भाबडेपणाचा आव आहे. अनेक तरुण सर्व समजून-उमजून असा फोन घेतात आणि 'मी थोडाच चोरला?' असे वर म्हणतात. रविवारी विहारात पंचशील ग्रहण करताना न दिलेले न घेण्याची प्रतिज्ञा आपण करतो. त्या प्रतिज्ञेत स्वतःच्या हाताने चोरलेले आणि दुसऱ्याकडून विकत घेतलेले असा भेद नाही. ज्या फोनवर कोणा अनोळखी माणसाचे नाव झळकते, तो फोन त्या माणसाने दिलेला नाही, एवढे तर स्पष्टच आहे. आणि तो अनोळखी माणूस बहुधा मोठा शेठ नसतो. लोकलच्या दुसऱ्या वर्गात आणि एसटीच्या गर्दीत मोबाईल कोणाचे जातात? आपल्यासारख्यांचेच जातात. काही ठिकाणी आपलीच पोरे अनलॉकची दुकाने चालवितात. ती हुशार आहेत, कोणी न शिकविता शिकलेली आहेत, आणि आम्हाला त्यांचे कौतुकही आहे. परंतु मालकीचा पुरावा न पाहता कुलूप फोडणे हा धंदा त्यांना केव्हातरी गजाआड नेईल. आयएमईआय क्रमांक बदलून देणे तर उघड गुन्हा आहे. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असा क्रमांक बदललेला आहे हे ठाऊक असून फोन बाळगणाराही त्याच कलमात येतो. पन्नास लाख! दुकानातला सगळा माल विकला तरी त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके येणार नाहीत.

एवढे सांगून झाल्यावर आता पोलिसांकडे वळू. चोरीचा माल जवळ बाळगणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो, असे कायदा म्हणत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४११ होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७(२) आले. दोन्हींत गाभा एकच आहे. माल चोरीचा असल्याचे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणे तो घेतला किंवा ठेवला तर गुन्हा होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ब हे चोरलेल्या संगणक वा संपर्क-साधनाबाबत तेच म्हणते. म्हणजे मुलाच्या मनात काय होते, हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये (जुन्या कायद्यात ११४) न्यायालयाला एक अनुमान काढण्याची मुभा आहे. चोरीनंतर लगेचच माल ज्याच्याजवळ सापडला आणि ज्याला तो कसा आला हे सांगता येत नाही, तो चोर आहे किंवा त्याने जाणूनबुजून माल घेतला आहे, असे ते अनुमान. त्यातला 'लगेचच' हा शब्द आणि 'सांगता येत नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आठ महिन्यांनी सापडलेल्या फोनला हे अनुमान सहजासहजी चिकटत नाही. आणि ज्याच्यापाशी विकणाऱ्याचे नाव लिहिलेला साधा कागद आहे, त्याला फोन कसा आला ते सांगता येते.

गुन्हा सात वर्षांच्या आतला आहे. तेव्हा सरळ उचलून नेण्याऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची लेखी नोटीस देणे, हाच सर्वसाधारण मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात, त्या वेळच्या कलम ४१-अ च्या संदर्भात, यांत्रिकपणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांना कारवाईची तंबी दिलेली आहे. फोन जप्त करताना कलम १०५ प्रमाणे त्याचे चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. हे सगळे पुस्तकात आहे. प्रत्यक्षात मुलाला रात्री बसवून ठेवतात, कोऱ्या कागदावर सही घेतात, आणि फोन 'जमा' करून पावती देत नाहीत. पुढे तो फोन मूळ मालकाला मिळाला की आणखी कोणाला मिळाला, हेही कळत नाही. वस्तीतल्या बायका ठाण्याबाहेर बसून राहतात आणि कोणीतरी मध्यस्थ 'साहेबांशी बोलतो' म्हणून आत जातो. पुढचे सांगायला नको.

पारधी तांड्यावरच्या पोराच्या बाबतीत तर एवढाही सोपस्कार होत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून त्या जमातींना विमुक्त म्हणतात. कायदा कागदावरून गेला, ठाण्याच्या भिंतींतून गेला नाही. चांगला मोबाईल पारध्याच्या पोराच्या हातात दिसला की तो चोरीचाच, असे मानणारे अधिकारी आजही आहेत. त्याच्या हाती बिल दिले तरी बिल खोटे असल्याचा संशय घेतील. विमुक्त समाजाचा हा प्रश्न आपला नाही असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीचे नाव ठाण्यात सांगून पाहावे.

मात्र एक गोष्ट स्वच्छ समजून घ्यावी. मुलगा निर्दोष ठरला तरी फोन त्याचा होत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाऱ्याला जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क विकत घेणाऱ्याला मिळत नाही. चोराला हक्क नव्हता, टपरीवाल्याला नव्हता, म्हणून मुलालाही नाही. फोन मूळ मालकालाच जाईल आणि तेच न्याय्य आहे. मुलाचा दावा टपरीवाल्यावर आहे, दिलेले पैसे परत घेण्याचा. तो दावा पावतीशिवाय उभा राहत नाही. चवदार तळ्याचा दिवाणी खटला बाबासाहेबांनी १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला, तो कशावर? अस्पृश्यांना बंदी करण्याची रूढी अनादी काळापासून आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही यावर. सत्याग्रह रस्त्यावर झाला आणि निकाल पुराव्यावर लागला, हे चळवळीतल्या मंडळींनी अधूनमधून आठवायला हरकत नाही.

ठाण्यात आणखी एक मागणी होते: 'पासवर्ड सांग.' येथे प्रश्न राज्यघटनेचा येतो. अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगितले की बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे ही अशी साक्ष नव्हे. २०१० च्या सेल्वी निकालात नार्को व तत्सम चाचण्या संमतीविना करण्यास मनाई झाली, कारण त्यांत माणसाच्या डोक्यातले ज्ञान बळाने बाहेर काढले जाते. पासवर्ड कोठे असतो? डोक्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आरोपीवर पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वेगळा सूर लावला होता: पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, मात्र पोलिसांना त्यासाठी न्यायालयाकडे जावे लागेल. दोन्ही निकालांतून आमच्या तरुणांपुरता अर्थ एवढाच निघतो की, शिपायाने दरडावले म्हणून पासवर्ड सांगण्यास कोणी बांधील नाही. नम्रपणे 'कोर्टाचा आदेश दाखवा' म्हणावे. ज्यांना काळजी आहे त्यांनी बोटाच्या ठशाऐवजी आकड्यांचे कुलूप ठेवावे. १९६१ च्या निकालाचा आधार घेऊन बोट मागता येईल, डोके मागणे तेवढे सोपे नाही.

हा काथ्याकूट नव्हे. भीमा कोरेगाव प्रकरणात काय झाले ते पाहा. डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, शरणागती पत्करली. त्यांच्याविरुद्धची पत्रे त्यांच्या स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या संगणकांत सापडल्याचे सांगण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल या अमेरिकी तपासणी संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून घुसून कागदपत्रे पेरण्यात आली, असा तिचा निष्कर्ष होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मानला नाही. तेलतुंबडे यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तोवर अडीच वर्षे गेली होती. जेव्हा यंत्रातला मजकूर हाच पुरावा होतो, तेव्हा यंत्राची किल्ली कोणाच्या हाती, हा चळवळीच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होतो. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून देण्याचा आदेश गाजला आणि टीकेनंतर काही दिवसांत मागे घेतला गेला. चोरी रोखण्याचेच कारण त्यामागे पुढे केले होते.

तिसरे कुलूप सावकाराचे आहे. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये वित्तसंस्था एक अ‍ॅप घालून देतात आणि हप्ता चुकला की दुरून फोन बंद करतात. चोरीसाठी बनविलेले तंत्र कर्जदारावर वापरायचे, म्हणजे कर्ज थकविणारा आणि चोर एकाच रांगेत! रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये अशा पद्धतीला मनाई केल्याचे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काही अटींवर मुभा देण्याचा विचार चालविल्याचे वृत्त आले होते. अट म्हणे कर्जदाराच्या पूर्वसंमतीची. इंग्रजीत छापलेल्या वीस पानांच्या शेवटी अंगठा दाबणे ही संमती कशी होते, हे सावकारी पाशात पिढ्यानपिढ्या अंगठे दिलेल्या समाजाला कोणी शिकवू नये. रिक्षावाल्याचा, घरपोच माल देणाऱ्या पोराचा फोन बंद केला तर तो हप्ता कशातून फेडणार? ट्रॅक्टर ओढून नेणाऱ्या बँकेलाही निदान गावासमोर यावे लागत होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख प्रामुख्याने लिहावासा वाटला तिच्याकडे येऊ. अत्याचाराच्या प्रकरणांत आज मोबाईल हा सर्वांत मोठा साक्षीदार आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले, त्याचे चित्रण मारणाऱ्यांनीच मिरवण्यासाठी फिरविले आणि त्याच चित्रणाने देशभर आंदोलन पेटले. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने आत्महत्या केली. तिच्या मोबाईलच्या न्यायवैद्यक तपासणीत तिने लिहिलेल्या चिठ्ठीची छायाचित्रे मिळाली. तो फोन तिच्या मृत्यूनंतर घाईघाईने गल्लीतल्या दुकानात उघडायला नेला असता, तर काय झाले असते?

नेमकी हीच गोष्ट आमच्या गावखेड्यांतून होते. पोरगा गेला किंवा बेशुद्ध पडला, फोनला कुलूप, आत धमकीचे संदेश आणि फोन-संभाषणे आहेत अशी खात्री. भाऊ अंदाजाने आकडे दाबत राहतो. काही फोनमध्ये दहा वेळा चुकले की सगळे पुसले जाण्याची सोय चालू केलेली असते. ते नाही तर दुकानदार 'फ्लॅश' मारून देतो आणि फोन नवाकोरा होऊन हाती येतो. येथे दोन प्रकारचे अनलॉक वेगळे ओळखले पाहिजेत. फोन पुन्हा वापरण्याजोगा करणे हे एक, आणि आतला मजकूर वाचता येणे हे दुसरे. दुकानात होते ते पहिले. आजच्या फोनमधला मजकूर सांकेतिक रूपात साठविलेला असतो आणि त्याची किल्ली पासवर्डशी बांधलेली असते. फोन पुसला की ती किल्ली नष्ट होते. मग न्यायसहायक प्रयोगशाळाही सहसा काही करू शकत नाही. खुनाची जागा पाण्याने धुवून टाकावी, तसा हा प्रकार आहे, आणि तो करणारे बिचारे मृताचेच नातेवाईक असतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा घरी पोहोचल्यावर पहिले काम फोन सांभाळण्याचे करावे. आकडे दाबणे थांबवावे. शक्य असेल तर विमान-मोड लावावा, म्हणजे बाहेरून कोणी खात्यात शिरून फोन पुसू शकणार नाही. चार्जिंग संपू देऊ नये. मृताचे सिम बंद करण्याची घाई करू नये, कारण खात्याचा पासवर्ड परत मिळविण्याचा रस्ता त्याच नंबरवरून जातो. फोनचा आयएमईआय क्रमांक खोक्यावरून किंवा बिलावरून उतरून घ्यावा आणि पंचनाम्यात तो लिहिल्याशिवाय फोन तपास अधिकाऱ्याच्या हाती देऊ नये. अ‍ॅट्रॉसिटी प्रकरणात तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. लेखी अर्ज त्यांच्याच नावे द्यावा व पोच घ्यावी. फोनचा कुलूप-आकडा घरच्या कोणाला ठाऊक असेल तर तोही त्या अर्जात लिहून द्यावा. पीडिताच्या बाजूने हे करण्यात कसलाही धोका नाही.

फोन उघडलेला असेल आणि आतले चित्रण कोर्टात न्यायचे असेल, तर जालन्याच्या निवडणुकीतून उभा राहिलेला अर्जुन खोतकर खटल्याचा २०२० चा निकाल वकिलाला विचारून समजून घ्यावा. मूळ फोनच कोर्टात हजर केला आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर प्रत दिली तर प्रमाणपत्र लागतेच. नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ चे आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक प्रत देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचा हॅश क्रमांक लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा. मजकुरात एका अक्षराचाही फरक झाला की तो बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून शंभर जणांना फिरवून आलेले चित्रण आणि मूळ फोनमधले चित्रण यांचा आकडा जुळत नाही. मोर्चा काढायला फिरलेले चित्रण पुरते, शिक्षा व्हायला मूळ फोन लागतो. तोच जर दुरुस्तीला दिला, विकला, बदलून नवा घेतला, तर आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी त्यावर बोट ठेवील. आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही ठेवले असते.

सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. जुने मोबाईल विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने विक्रेत्याची ओळख आणि आयएमईआय नोंदविलेली वही ठेवलीच पाहिजे आणि पोलिसांनी साखळी त्या वहीपासून मागे तपासावी, वस्तीपासून नव्हे. काळ्या यादीतला फोन सापडला की वापरणाऱ्याला आधी साक्षीदार म्हणून नोटीस द्यावी. हप्त्याच्या फोनला दुरून कुलूप लावण्यास सरसकट बंदी असावी.

सरकार करील तेव्हा करील. विहार समित्यांना उद्यापासून करता येण्याजोगे काम वेगळे आहे. वापरलेला फोन घेण्याआधी कोणत्याही मोबाईलवरून केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविला की फोन काळ्या यादीत आहे काय, त्याच क्रमांकाचे दुसरे फोन चालू आहेत काय, हे कळते. विक्रेत्याला आपल्या समोर फोन रिसेट करायला सांगावे. जुने खाते मागितले तर तेथूनच परत फिरावे. स्वतःचा फोन विकताना आधी आपले खाते काढावे, मगच तो पुसावा. आणि एक साधी छापील पावती विहारात ठेवावी: विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सही, आधारची झेरॉक्स, फोनचा आयएमईआय, किंमत, तारीख आणि दोन साक्षीदार. वस्तीतला कायद्याचा कोणीही विद्यार्थी ती तासाभरात तयार करून देईल. शंभर प्रती काढायला दोनशे रुपयेही लागत नाहीत. सूचनाफलकावर १४४२२ हा आकडा लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावा.